यॉर्कचा एक दिवस सहकुटुंब कसा आखावा

आपल्याकडे खरेदी म्हणजे संध्याकाळचं काम. ऊन उतरलं, चहा झाला की पिशव्या घेऊन बाहेर पडायचं. ही सवय घेऊन इंग्लंडमध्ये फिरायला गेलात तर बंद काचेतून माल बघून परत याल. यॉर्कच्या मध्यवस्तीतली बरीचशी दुकानं साडेपाचच्या आसपास बंद व्हायला लागतात. उलट जून-जुलैत सूर्य साडेनऊपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. दिवस बसवायचा तो याच हिशेबाने: सकाळी आत बसून बघायच्या जागा, दुपारी दुकानं आणि संध्याकाळी फुकटातली भटकंती.

१. तिकिटं आधी काढा, गाडी घरी ठेवा

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडीने यॉर्क साधारण दोन तास, लीड्सहून अर्ध्या तासाच्या आतच. स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच जुना तट दिसतो, त्यामुळे शहरात वेगळं वाहन लागत नाही. मध्यवस्तीतले बरेच रस्ते दिवसा फक्त पायी चालणाऱ्यांसाठीच असतात. कारनेच यायचं असेल तर शहराबाहेरच्या ‘पार्क अँड राइड’ला ती लावा आणि तिथल्या बसने आत या.

पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेचं तिकीट लागत नाही. पाच ते पंधरा वयाला अर्धं. बरोबर या वयाचं एक जरी मूल असेल तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्ड बघा. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सवलत मिळते, आणि एका कार्डावर चार मोठे नि चार मुलं बसतात. मावशी-काका आले असतील तर तेही त्यातच. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीचं असतं. जाताना ते चालेल. परतीला मुलं आणि आजी-आजोबा कुठे रेंगाळतील याचा नेम नाही, तेव्हा तिथे चार पाउंड जास्त गेले तरी मोकळं तिकीट काढा.

२. सकाळ: नॅशनल रेल्वे म्युझियम

स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर, आणि प्रवेश फुकट. उघडताना, म्हणजे दहाला, पोहोचलात तर शाळांच्या सहली येण्याआधी मोठं दालन बघून होतं. काही भागांचं नूतनीकरण चालू असतं, म्हणून निघण्याआधी वेबसाइटवर नजर टाका.

‘मॅलर्ड’समोर जरा थांबा. निळ्या रंगाचं, नाकाकडे उतरत गेलेलं हे इंजिन 3 जुलै 1938 रोजी ताशी 126 मैल, म्हणजे सुमारे 203 किलोमीटर वेगाने धावलं. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. जवळ जाऊन चाकं बघा, ती मोठ्या माणसाच्याही डोक्यापेक्षा उंच आहेत. जपानची जुनी शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनही इथेच आहे. आमच्याकडच्या पाहुण्यांपैकी रेल्वेतून निवृत्त झालेले काका इथून हलायला तयार नसतात, त्यामुळे निघायची वेळ आधीच ठरवून टाका. साडेबारा खूप झाली.

३. तिकिटाची जागा एकच निवडा

सगळ्याच ठिकाणी तिकीट काढलंत तर चौघांचा खर्च बराच वाढतो आणि तिसऱ्या जागेपर्यंत मुलांचे पायही गळतात. माझं मत: लहान मुलं असतील तर योर्विक, मोठे असतील तर मिन्स्टर, म्हणजे इथलं भव्य कॅथीड्रल.

योर्विक म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग लोकांचं यॉर्क. कॉपरगेट भागात 1976 ते 1981 दरम्यान उत्खनन झालं. तिथल्या ओल्या, हवाबंद मातीत लाकूड, चामडं, कापडाचे तुकडे हजार वर्षं टिकून राहिले होते. त्याच जागी 1984 मध्ये हे केंद्र उघडलं. छोट्या डब्यात बसून त्या काळच्या वस्तीतून फिरायचं. आवाज, बोलणं तर आहेच, पण वासही आहेत, अगदी शौचकूपाचासुद्धा. मुलं नाक धरून खिदळतात. वेळ आधी आरक्षित करा, नाहीतर रांगेतच दुपार जाईल.

मिन्स्टरच्या पूर्वेकडच्या भव्य खिडकीचं काम 1408 मध्ये पुरं झालं. टेनिस कोर्टाएवढी रंगीत काच डोळ्यांसमोर उभी राहते. मधल्या मनोऱ्याला 275 पायऱ्या आहेत, वाट अरुंद आहे आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खालीच थांबावं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना प्रवेश दुपारीच.

४. जेवण

घरून डबा आणला असेल तर म्युझियम गार्डन्समध्ये जा (ही बाग रेल्वे म्युझियमची नव्हे). सेंट मेरीज अ‍ॅबी या जुन्या मठाच्या पडक्या कमानींखाली हिरवळीवर बसून पोळीभाजी खाता येते. फक्त खारी डब्यात तोंड घालायला येतात, तेवढं सांभाळा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, त्यामुळे बाटल्या विकत घेऊ नका.

बाहेर खायचं तर शॅम्बल्स मार्केटमध्ये गाड्या असतात. पण शाकाहारी मंडळींनी आणि बीफ न खाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: यॉर्कशरमधल्या बऱ्याच ‘फिश अँड चिप्स’च्या दुकानांत तळणीला तेल नसतं, गाईची चरबी असते. साध्या बटाट्याच्या चिप्सही त्यातच तळतात. ‘बीफ ड्रिपिंग की व्हेजिटेबल ऑइल?’ असं थेट विचारा, त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

५. खरेदी: अडीच ते पाच

आधी शॅम्बल्स. ही पूर्वीची खाटकांची गल्ली. लाकडी घरांचे वरचे मजले पुढे झुकलेले आहेत, काही दुकानांवर मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून दिसतात. इथे फोटो काढा, पैसे जपून काढा. पर्यटकांसाठीच लावलेले भाव आहेत. पायाखाली दगडी फरशी आहे, बाबागाडी खडखडते.

खरी खरेदी पार्लमेंट स्ट्रीट आणि कॉपरगेटला. गुडरमगेटवर चॅरिटी शॉप्स, म्हणजे सेवाभावी संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. वापरलेली पुस्तकं, कोट, कधी कधी न वापरलेल्या कपबशाही मिळतात. भारतात नेण्यासाठी जुनं कसं घ्यायचं, असं आईला वाटेल. तिला आधी कपबशा दाखवा.

पैशांच्या बाबतीत जुने सल्ले आता चालत नाहीत. विमानतळावर व्हॅट परत मिळण्याची सोय ग्रेट ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2021 पासून बंद झाली आहे, त्यामुळे लेबलवरचीच किंमत खरी धरा. मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर मात्र व्हॅट नसतो, म्हणून भाचरांसाठी तेच घेणं फायद्याचं. मापं वयानुसार लिहिलेली असतात, पण आपली मुलं बहुधा बारीक असतात, तेव्हा उंची सेंटिमीटरमध्ये विचारून ठेवा. पिशवी घरून न्या, दुकानात तिचे वेगळे पैसे पडतात. रविवारी मोठी दुकानं कायद्याने सहाच तास उघडी असतात.

चॉकलेट इथूनच न्यावं, कारण यॉर्क हे चॉकलेटचंच शहर. आज किटकॅट म्हणून ओळखलं जाणारं चॉकलेट 1935 मध्ये इथल्या राउनट्रीच्या कारखान्यात तयार झालं. चघळायच्या गोळ्या, जेली घेताना मात्र पाकिटाची मागची बाजू वाचा: जिलेटीन असेल तर ते बहुधा प्राण्याचं असतं. ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या.

६. संध्याकाळ: तटावर

दुकानं मिटल्यावर शहर रिकामं होतं आणि तेव्हाच ते बघण्यासारखं असतं. मध्ययुगीन तट साधारण साडेतीन किलोमीटर आहे. सगळा चालायची गरज नाही. बूथम बार ते मंक बार एवढाच तुकडा घ्या; इथे बार म्हणजे तटातली जुनी वेस. इथून मिन्स्टर सर्वांत जवळून दिसतं, खाली घरांच्या परसबागा दिसतात. कडेला काही ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका. बाबागाडी वर जाणार नाही. ज्यांना चढायचं नसेल त्यांनी खालच्या रस्त्याने जाऊन मंक बारपाशी भेटावं.

तटाची दारं अंधार पडायच्या आत बंद करतात. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात तट दुपारी जेवल्याबरोबर उरका आणि दुकानं त्यानंतर ठेवा. नाताळच्या बाजाराच्या दिवसांत शनिवार मात्र टाळा, पार्लमेंट स्ट्रीटवर बाबागाडी पुढे सरकत नाही.