जुन्या जीपला दुसरं इंजिन: हात घालण्याआधीची यादी

गेल्या खेपेला महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपचं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून तिथे बोलेरोचं डिझेल बसवलं आणि दसऱ्याला गाडीला हार घालायचाच या हट्टापायी पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या टोकाला आधार देणारी छोटी नळी) टाकायचा राहून गेला. हार पडला, फोटो निघाले, रिव्हर्स काही पडला नाही. आता दिंडोरीच्या एका मित्राच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये तशीच जीप उभी आहे आणि तो काय काय लागेल ते विचारतोय. म्हणून ही यादी. पहिलं नाव पायलट बुश. बाकीचं ओघाने.

पाने, जॅक, गाडी टेकवायला चार घोड्या, चेनकप्पी हे सांगायला नको. कप्पी ज्याला टांगणार तो शेडचा अँगल मात्र नीट बघा, डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट उचलताना वाकलेला अँगल मी पाहिलाय. खोलताना फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, डब्यावर लिहा. पुढे.

कागद इंजिनच्याही आधी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे ‘आधी बसवू, मग आरटीओचं बघू’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि सोडून द्या. पेठ रोडच्या आरटीओत आधी जायचं, आरसी दाखवायचं, कोणतं इंजिन, पेट्रोलचं डिझेल होणार हे स्पष्ट सांगायचं आणि परवानगी मिळत असेल तर लेखी घ्यायची. मिळत नसेल तर हरिकेनच बोअर करून घ्या, तेही वाईट इंजिन नाही. इंजिन बदललं की १४ दिवसांत कळवून नोंद करून घ्यावी लागते. जीप १५ वर्षांच्या वरची असणारच, तेव्हा फॉर्म २५ भरून दर पाच वर्षांनी होणारं आरसीचं नूतनीकरण करायचं राहिलंय का आणि पर्यावरण कर भरलाय का तेही त्याच खेपेत बघा. विमा कंपनीला कळवा. कळवलं नाही तर दाव्याच्या वेळी तेच पहिलं कारण पुढे करतात.

इंजिन कुर्ल्याहून आणा नाहीतर इथल्या भंगारातून, पण बिलाशिवाय आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदांच्या प्रतीशिवाय उचलू नका. ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला की घरी परत या. घासाघीस नको. चालू करून दाखवायला सांगा, गरम होऊ द्या, मग ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल तर रिंगा गेल्यात. २५२३ सीसीचं डीआय (बोलेरोचं डिझेल) हवं की महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये यायचं ते २११२ सीसीचं प्यूजो डिझेल हे आधी ठरवा. बघू, जे मिळेल ते घेऊ असं केलंत तर फाउंडेशन (इंजिन चासीवर टेकतं ते ब्रॅकेट आणि रबर), ॲडॅप्टर प्लेट, सायलेन्सर सगळंच दोनदा बनवाल. इंजिनबरोबर फ्लायव्हील, क्लच, बेलहाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं आवरण), स्टार्टर, व्हॅक्यूम पंपासकट अल्टरनेटर, फाउंडेशन आणि वायरिंगचे प्लग हातभर वायरीसकट मागून घ्या. भंगारवाला प्लगपाशी कापतो. त्याला कापू देऊ नका.

आता बुश.

फ्लायव्हीलच्या मधोमध, क्रँकच्या शेपटात एक भोक असतं. त्यात गनमेटलची अंगठ्याच्या पेराएवढी नळी बसते आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक त्या नळीत टेकतं. शाफ्टला मागे बेअरिंग आहे, पुढे आधार एवढाच. तो नसला की शाफ्ट लटकते, क्लच दाबला तरी प्लेट पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना दाते खरवडतात, आणि तशीच गाडी रेटली तर क्लचप्लेटचा मधला भाग, गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आणि ऑइल सील जातं. वाईट म्हणजे बाहेरून काही कळत नाही. सगळे म्हणतात क्लचचं ॲडजस्टमेंट बघा, मास्टर सिलेंडर बदला, एअर काढा. आम्हीही हे सगळं केलं. मग गिअरबॉक्स उतरवला, टॉर्च मारून आत बघितलं, आणि भोक मोकळं.

दुकानात मागितलात तर तो विचारणार, कुठल्या गाडीचा? तुमचं उत्तर दोन गाड्यांचं आहे. बाहेरचा व्यास इंजिनप्रमाणे, आतला गिअरबॉक्सप्रमाणे, आणि तसा तयार बुश क्वचितच मिळतो. म्हणून तो लेथवर बनवून घ्यायचा. नाशिकमध्ये राहून याची तक्रार करू नका, सातपूर-अंबडला गल्लोगल्ली लेथ आहेत. पण तिथला माणूस कंपनीच्या ऑर्डरी काढत असतो, तुमच्या एका नगासाठी मशीन थांबवायला त्याला जिवावर येतं. चार दिवस हातात ठेवून जा. नुसती मापं नेऊ नका. इनपुट शाफ्ट निघत असेल तर तीच घेऊन जा, क्रँकचं भोक व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजून कागदावर लिहून न्या. बुश ठोकून बसवला की आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून बसवल्यानंतर शाफ्टचं टोक पुन्हा घालून बघा. हाताने सुळकन फिरलं पाहिजे, पण डुलायला नको. ग्रीसचं बोट पुसल्यासारखं लावा. जास्त लावलंत तर ते उडून क्लचप्लेटवर जाईल.

भोकात आधीच बुश असेल तर ‘आहे की’ म्हणून खूश होऊ नका. तो दुसऱ्या गिअरबॉक्सचा आहे, शिवाय झिजलेला. काढायला मागची जागा ग्रीसने गच्च भरायची, भोकात बरोबर बसेल असा गज घालून हातोडी मारायची. ग्रीस बुशाला मागून ढकलून बाहेर काढतं. चष्मा घाला, पहिल्याच ठोक्याला ग्रीस तोंडावर येतं.

बेलहाउसिंगवर खडूने मोठ्या अक्षरात ‘बुश’ लिहा. बुश बसल्यावरच पुसा. मिस्त्री हसेल, हसू द्या.

गिअरबॉक्सबद्दल माझं मत विचाराल तर इंजिनबरोबरचाच घ्या. जुनी तीन गिअरची टी-९० पेट्रोल इंजिनासाठी होती, डिझेलच्या दणक्यात किती टिकेल याचा भरवसा नाही. जुनीच ठेवायची असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये ॲडॅप्टर प्लेट येते, आणि प्लेट म्हणजे नुसतं भोकं पाडलेलं जाड लोखंड नव्हे. क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सचं केंद्र एका रेषेत यायला हवं. फ्लायव्हीलला डायल गेज लावून बेलहाउसिंगच्या भोकाभोवती फिरवा. फरक पाच थाऊच्या (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) आसपास आला पाहिजे, त्याहून जास्त असेल तर डॉवेल, म्हणजे जागा धरणाऱ्या पिना, सरकवा. हे चुकलं की नवा बुशसुद्धा महिन्याभरात अंडाकृती होतो. क्लचप्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलच्या मापाची आणि दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टचे, अशी घडवून घ्यावी लागते, दाते मोजून न्या. क्लचप्लेट सेंटर करायला जुनी इनपुट शाफ्टच वापरा, तिचं टोक आत जाऊन टेकलं पाहिजे. हवेतच राहिलं तर बुश नाही. थांबा, खाली ठेवा, बुश टाका. आणि गिअरबॉक्स शेवटचं बोटभर आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, बेलहाउसिंगचा कान तुटतो.

रंग शेवटी. सगळं एकदा कच्चं बसवून, फाउंडेशनच्या ब्रॅकेटना नुसते टॅक मारून बघायचं. सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे ते हरिकेन इंजिन उंच म्हणून, त्यामुळे वर जागा मिळते. अडचण खाली. पुढच्या ॲक्सलची कोठी (डिफरन्शियल) मधोमध नसून उजवीकडे असते, गाडी उजव्या स्टीअरिंगची असेल तर तेही तिकडेच, आणि डिझेलचं ऑइल चेंबर नेमकं त्या भागात उतरतं. गाडी उभी असताना दोन बोटं अंतर दिसतं आणि तेवढ्यावर लोक समाधान मानतात. पाटे पूर्ण दाबले गेले की काय होतं ते बघा: पाटे मोकळे करून ॲक्सल जॅकने बंपस्टॉपपर्यंत वर घ्या. अंजनेरीच्या कच्च्या वाटेवर पहिल्याच खड्ड्यात चेंबर फुटण्यापेक्षा हे शेडमध्ये कळलेलं बरं. वजन वाढलंय, पुढे एखादा पाटा वाढवावा लागेल. प्रोपेलर शाफ्टचं माप इंजिन कायमचं बसल्यावरच द्या, आणि बॅलन्स करून घ्या. ८० इंची व्हीलबेसमध्ये मागची शाफ्ट आधीच आखूड, कोन जास्त झाला की शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस ओरडतात. आणि ५.३८ रेशोच्या, म्हणजे सावकाश चालीच्या, ॲक्सलवर मुंबईला हायवेने पळवायची स्वप्नं बघू नका.

कायमचं बसवण्याआधी खडूचं अक्षर पुसलंय का? कोणी पुसलं? तुम्ही स्वतः बुश हाताने चाचपलाय का? मुलाने सांगितलं, मिस्त्रीने सांगितलं, हे चालणार नाही.

रेडिएटर डिझेलच्या मापाचा, पंख्याभोवती काउल (वारा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं) हवंच. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो आणि कसारा घाट चढताना कमी गिअरमध्ये वारा मिळत नाही. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली असते, धुऊन घ्या, डिझेलची रिटर्न लाइन वेगळी लागते, फिल्टर पाणी वेगळं करणारा घ्या. ब्रेकला बूस्टर लावणार असाल तर व्हॅक्यूम पंप जोडल्याशिवाय तो कामाचा नाही, डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो. ब्रेकच्या नळ्या नव्या. जुन्या मास्टर सिलेंडरला एकच सर्किट आहे, एक नळी फुटली की चारही चाकं गेली, तेव्हा इथे पैसे वाचवू नका.

वायरिंग नवं टाका. इंजिन ते चासी जाड अर्थिंगची पट्टी, रंग खरवडून. फाउंडेशन रबराचं आहे, पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. फ्यूज. बॅटरीला पट्टा.

पहिली चक्कर गंगापूर रोडने धरणापर्यंत, घाटात नाही. थांबून खाली वाका, गळती बघा. घरी आल्यावर फाउंडेशन, बेलहाउसिंग, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. पहिलं ऑइल लवकर बदला. मग आरटीओत नोंद, पीयूसी.

कापडी हूड सगळ्यात शेवटी, कारण सायलेन्सर आणि गिअर लिव्हर कुठे येणार हे तोपर्यंत नक्की नसतं. पण शिवणाऱ्याला आधी सांगून ठेवा. मे महिन्यात सगळ्यांनाच पाऊस आठवतो आणि त्याच्याकडे नंबर लागत नाही. माप एप्रिलमध्येच देऊन या.