अख्खा संगणक एका फाइलीत: निक्सओएसची सुरुवात

डिस्क गेली तेव्हा माझी कागदपत्रं बॅकअपमध्ये सुखरूप होती. गेला तो संगणकाचा घडवलेला संसार: कुठली पॅकेजं, कुठल्या सेटिंग्ज, प्रिंटर शेवटी कशाने चालू झाला होता. वर्षानुवर्षं हाताने केलेलं ते काम कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी निक्सओएसवर आले. हा लिनक्सचाच एक प्रकार, पण यात संगणकाची सगळी मांडणी फाइलीत लिहिलेली असते.

इन्स्टॉल झाल्यावर ‘ईटीसी’ या सिस्टिमच्या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या ‘निक्सओएस’ फोल्डरात दोन फाइली दिसतील. ‘हार्डवेअर-कॉन्फिगरेशन’ यंत्रानेच बनवलेली असते. तिला हात लावू नका. ‘कॉन्फिगरेशन.निक्स’ तुमची. तिच्यात काय करायचं ते लिहायचं नाही, काय असायला हवं तेवढंच लिहायचं. छपाई हवी? ‘सर्व्हिसेस.प्रिंटिंग.एनेबल = ट्रू;’ एवढी ओळ पुरते, कप्स ही छपाईची यंत्रणा आपोआप येते. ओळीअखेरचा अर्धविराम मात्र विसरू नका. आणि प्रत्येक ओळीशेजारी ती का घातली ते टिपून ठेवा, सहा महिन्यांनी तेच कामी येतं.

बदल केला की आधी ‘निक्सओएस-रीबिल्ड टेस्ट’ चालवा. बदल लगेच लागू होतो, पण बूट मेन्यूत, म्हणजे संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीत, जात नाही. बिघडलं तर रीस्टार्ट केलं की जुनी घडी परत. पटलं की ‘निक्सओएस-रीबिल्ड स्विच’. दर स्विचला नवी पिढी, म्हणजे त्या वेळच्या मांडणीची जपून ठेवलेली प्रत, तयार होते आणि बूट मेन्यूत दिसते. एकदा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला आणि स्क्रीन काळीच राहिली. रीस्टार्ट केलं, मेन्यूत बाण एक घर खाली नेऊन आधीची पिढी निवडली, आणि डेस्कटॉप जसाच्या तसा उघडला. त्या दिवसापासून मी बिनधास्त प्रयोग करते. पण पिढी मागे नेली तरी ‘होम’मधल्या फाइली मागे जात नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा हवाच.

‘सिस्टिम.स्टेटव्हर्जन’ ही ओळ अपग्रेड करतानाही बदलू नका. तो आकडा चालू आवृत्तीचा नाही. पोस्टग्रेस या डेटाबेससारख्या सेवांचा डेटा कुठल्या आवृत्तीच्या सवयीने मांडलाय, ते तो सांगतो.

‘निक्सओएस’ फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. पुढे फ्लेक्स (पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या करून ठेवायची निक्सची पद्धत) वापरायला लागलात तर नवी फाइल आधी ‘गिट ॲड’ करा, नाहीतर निक्सला, म्हणजे ही मांडणी वाचून सिस्टिम उभारणाऱ्या साधनाला, ती दिसतच नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

जुन्या पिढ्या जागा खातात. महिन्यातून एकदा त्या पुसणारी ‘निक्स-कलेक्ट-गार्बेज’ ही आज्ञा तीस दिवसांची मर्यादा देऊन सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवते.

आणि पासवर्ड या फाइलीत कधीही लिहू नका. तिच्यातला मजकूर निक्स स्टोअरमध्ये, म्हणजे निक्स सगळी पॅकेजं आणि सेटिंग्ज ठेवतं त्या फोल्डरात, जातो, आणि स्टोअर त्या यंत्रावरच्या प्रत्येकाला वाचता येतं.