पुणे विद्यापीठ पुन्हा पाहायचं तर

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं. गाडीतून फिरलात तर डांबर आणि पार्किंगच दिसेल. सकाळी सातला फाटकाशी उतरा, ओळखपत्र जवळ ठेवा, चालत निघा. पावसाळ्यात शेवाळावर चप्पल हमखास घसरते, बूटच घाला.

आधी वडांखाली थांबा. पारंबीचं टोक फिकट, ओलसर लागलं तर ती अजून वाढतेय. मग मुख्य इमारत, म्हणजे इंग्रजी राजवटीतलं मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान. २२ जून १८९७ च्या रात्री इथल्याच समारंभातून परतताना प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. शिकताना फॉर्म भरायच्या घाईत मनोऱ्याकडे मान वर होतच नाही. आता दूर हिरवळीच्या कडेला उभं राहून तो पूर्ण बघा, पायथ्याशी गेलात की निम्मा झाकला जातो.

आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतला, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेला चौक चुकवू नका, मात्र आत जाण्याआधी सुरक्षारक्षकाला विचारा.