आदेश तुमच्या नावाचा आहे का?

सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांत सहायक प्राध्यापक म्हणून नुकत्याच कायम झालेल्या, आणि पुढे प्राचार्य, अधिष्ठाता, जमलंच तर कुलगुरू असं मनात तरी म्हणणाऱ्या मॅडमसाठी हे लिहितेय. नेट-सेट, आरक्षणाचं रोस्टर, उच्च शिक्षण सहसंचालकांची मान्यता हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते एकच: कॉलेजात जे काम कराल, त्याचा लेखी आदेश तुमच्या नावाचा हवा.

आधी वर्षांचा हिशोब. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी. असेल तर लेव्हल १० या सुरुवातीच्या वेतनश्रेणीवरून ११ ला ४ वर्षं, तिथून १२ ला ५, मग सहयोगी प्राध्यापक व्हायला ३ आणि प्राध्यापक व्हायला आणखी ३. म्हणजे कॅसची, या टप्प्याटप्प्याच्या बढतीची, एकही फाइल कुठे अडली नाही तर १५ वर्षं. कुलगुरूपदाला प्राध्यापक म्हणून १० वर्षं लागतात. तिशीत लागलेली बाई पंचावन्नला अर्ज करायला पात्र होते, आणि आपल्याकडे अध्यापक साठीला निवृत्त होतो. आता सांगा, आपल्या भागात तिशीत कायम कोण होतं? निम्मी उमेद तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशांवर शिकवण्यात, जाते आणि ती वर्षं सहसा कुठे धरली जात नाहीत. त्यात एखादी कॅस दोन-तीन वर्षं रखडली की वरच्या खुर्चीचा विषयच संपतो. कुणी नाही म्हणत नाही, फक्त वय निघून जातं.

घाबरवायला सांगत नाहीये. प्राचार्यपदाचं गणित सोपं आहे: पीएच.डी., सहयोगी प्राध्यापक, एकूण १५ वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण. हे होतं. आणि वरपर्यंतही बायका गेल्यात. हंसा मेहता १९४९ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुंबई विद्यापीठात १९९५ मध्ये डॉ. स्नेहलता देशमुख आल्या, त्या तर लहान मुलांच्या सर्जन. जेएनयूला मात्र पहिली महिला कुलगुरू मिळायला २०२२ उजाडलं आणि अलिगढला २०२४. अलिगढचं विद्यापीठ १९२० चं आहे, काय ते समजा.

आता ज्यात मी अडकले ते. इथे जरा लांबण लावणार आहे, कंटाळू नका.

आमच्या कॉलेजात नॅक होतं, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणारं मूल्यांकन. अहवालाचे निकष वाटले गेले, त्यातले सगळ्यात किचकट माझ्याकडे. विभागाविभागांत फिरून पुरावे गोळा करणं, जुन्या वर्षांची हजेरीपत्रकं शोधणं, फोटोंना तारखा आणि जिओटॅग, रात्री पोर्टलवर अपलोड. नॅकची तपासणी करणारी पीअर टीम आली तेव्हा सादरीकरणही मीच बनवलेलं. समन्वयक एक सर होते. भले गृहस्थ, पण त्यांच्याकडे बाहेरची बरीच कामं असायची. पुढे मी दुसऱ्या एका संस्थेत प्राचार्यपदाच्या मुलाखतीला गेले. तज्ज्ञांनी विचारलं, प्रशासकीय अनुभव? मी नॅकचं सांगितलं. त्यांनी फाइल मागितली, चष्मा कपाळावर ढकलून आदेश वाचला आणि म्हणाले, "मॅडम, समन्वयक तर सर आहेत. तुम्हाला इथे फक्त 'सहकार्य करावे' असं लिहिलंय." पुढे चार-दोन सौम्य प्रश्न, चहा, धन्यवाद.

त्या तज्ज्ञांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता, तो त्यांनी वाचला. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि तो अजून गेलेला नाही. कॉलेजात समित्या वाटताना सांस्कृतिक, रांगोळी, पाहुण्यांचा सत्कार हे मॅडमकडे. खरेदी, बांधकाम, परीक्षा हे सरांकडे. हे कुणी मुद्दाम करतं असं नाही, गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून नावं भरतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण मात्र हमखास आपल्याला. त्यांचं जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातलंच, नाही म्हणायचं तरी कसं!

तर काम हातात घ्यायच्या आधी आदेश घ्या. त्यावर जावक क्रमांक, तारीख, समितीचं नाव, तुमचं पद, कालावधी आणि प्राचार्यांची सही-शिक्का एवढं हवंच. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची यादी म्हणजे आदेश नव्हे. स्टाफ मीटिंगमधली घोषणाही नव्हे. 'सदस्य', 'सहसमन्वयक', 'सहकार्य' असं काही दिसलं तर त्याच आठवड्यात जाऊन बोला. वर्षभर राबल्यावर बोललात तर "आता कुठे बदलता मॅडम" हेच ऐकाल. समित्या जूनमध्ये नव्याने होतात, म्हणून आदेशही दर वर्षीचा वेगळा हवा. बैठक झाली की इतिवृत्तात तुमचं नाव आणि तुम्ही मांडलेला विषय आलाय का ते सही करण्याआधी वाचा. एक प्रत वैयक्तिक फाइलला लावायला द्या, एक घरी ठेवा. लोक हसतील. माझ्यावरही हसतात, हसू देत.

एक आदेश मात्र कायद्यानेच बाईच्या नावाने निघतो: अंतर्गत तक्रार समितीच्या पीठासीन अधिकारी. २०१३ च्या कायद्यानुसार ते पद वरिष्ठ महिलेकडेच असतं. त्याला कमी लेखू नका. चौकशी, सुनावणी, अहवाल हे सगळं त्यात करावं लागतं. आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीवर जे तीन अध्यापक निवडून जातात, त्यांत किमान एक महिला लागते. ती जागा लढवा. कॉलेजचं अंदाजपत्रक तिथे येतं. प्राचार्याला पैशाचं कळतं की नाही, हे मुलाखतीत हमखास चाचपतात, आणि बाई समोर असली की जरा जास्तच.

रजेचंही असंच आहे. प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजा घेतली म्हणून कॅसमध्ये तोटा होऊ नये, असं त्याच २०१८ च्या नियमावलीत आहे. तो काळ वगळून उरलेल्या काळावर मूल्यमापन करायचं असतं. अट एकच, रजेला सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. "जा हो मॅडम, आपण बघून घेऊ" ही परवानगी फाइलला लावता येत नाही.

मार्गदर्शक कोण असावा यावर माझं मत जरा तिरकं आहे. मोठं नाव असलेल्या प्राध्यापकांच्या मागे फिरण्यात मी बरीच वर्षं घालवली. त्यांच्याकडून आशीर्वाद भरपूर मिळतात. खरं शिकले ते आमच्या कार्यालयीन अधीक्षकांकडून. सेवापुस्तिकेत कुठली नोंद राहिली, सहसंचालक कार्यालयाने त्रुटी काढली तर उत्तर कसं लिहायचं, लेखापरीक्षणात काय धरतात, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या टेबलाशी रोज दहा मिनिटं बसा.

आणि पैसे भरून आठ दिवसांत निबंध छापणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नका. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये बंदही झाली. जर्नल बरं की वाईट हे आता कॉलेजनेच ठरवायचं, म्हणजे उद्या छाननीत कुणीही बोट ठेवणार. दहाच निबंध लागतात. पंधरा वर्षांत दहा नीट निबंध होतात, खरंच होतात.

कोल्हापूरचा प्रश्न, म्हणजे शिवाजी विद्यापीठाला जाण्या-येण्याचा, सातारकरणींना जास्त छळतो. सांगलीहून विद्यापीठ पन्नासेक किलोमीटर, साताऱ्याहून १२० च्या आसपास. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाची बैठक अकराला, म्हणजे पहाटेची एसटी धरायची, त्यात महामार्गाचं सहापदरीकरण. परतायला रात्र होते, म्हणून "मॅडमना कशाला त्रास" असं म्हणून नाव परस्पर गळतं. कुणी तुमच्या वतीने नाही म्हणत असेल तर ते तिथल्या तिथे थांबवा. २०२१ पासून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे, पण जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं अजून शिवाजी विद्यापीठाचीच.

शेवटी घर. प्राचार्यपदाची जाहिरात तुमच्या गल्लीतल्या कॉलेजची नसते. ती जतची असते, आटपाडीची, पाटणची. अनेक शाखांच्या संस्थेत असाल तर बदली धरूनच चाला. हे घरी जाहिरात येण्याच्या आधी बोलून ठेवा. मी बोलले तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न, "मग डबा कोण करणार?" यांची बदली झाली असती तर हा प्रश्न निघाला नसता, हे मी तेव्हा बोलून दाखवलं आणि दोन दिवस घरात अबोला होता. मग पोळ्यांना बाई लावली, महिन्याभरात विषय मिटला. लांब आहे म्हणून जतचा अर्ज सोडू नका. अशा ठिकाणी उमेदवार कमी येतात, आणि पहिली पाच वर्षं कुठल्या गावात काढली हे पुढच्या मुलाखतीत मला तरी कुणी विचारलं नाही.