रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नावांच्या यादीवर लूप फिरवताना मालकी कुणाकडे ठेवावी

ठाणे–वाशी लोकलची काही स्टेशनं 'यादी' नावाच्या व्हेक्टरमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) आहेत असं धरा: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली. प्रत्येक नाव म्हणजे एक स्ट्रिंग, मजकूर साठवणारा प्रकार. ६४-बिट मशीनवर तिचा सांगाडा २४ बाइटचा असतो: पत्ता, लांबी, क्षमता. अक्षरं मात्र हीपवर, म्हणजे प्रोग्राम चालताना मागून घेतलेल्या मेमरीत. 'ऐरोली'ची लांबी विचारलीत तर उत्तर १५ येईल, कारण लांबी बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं.

'फॉर नाव इन यादी' लिहिलंत की अख्खी यादी लूपच्या मालकीची होते. खाली पुन्हा वापरायला गेलात की कंपायलर ई०३८२ ही त्रुटी दाखवतो: मालकी गेलेली गोष्ट वापरली. नुसतं वाचायचं असेल तर &यादी लिहा; नाव उसनं मिळतं, यादी शाबूत राहते. नावाला 'रोड' जोडायचं असेल तर &म्यूट यादी.

इथे बरेचजण त्रुटी घालवायला क्लोन मारतात, म्हणजे पूर्ण प्रत काढतात. कृपया तसं करू नका: दर फेरीला हीपवर नवी जागा घेतली जाते आणि चूक तशीच झाकली जाते. &म्यूटवर फिरताना एखादं नाव खरंच काढून घ्यायचं असेल, तर मेम::टेक वापरा. मागे रिकामी स्ट्रिंग उरते, नवी जागा लागत नाही. सगळी नावं न्यायची, पण व्हेक्टरची जागा पुन्हा वापरायची असेल, तर ड्रेन(..).

लूप चालू असताना त्याच यादीत पुश होणार नाही, म्हणजे नवं नाव जोडता येणार नाही. व्हेक्टर वाढला की दुसरीकडे हलू शकतो आणि हातातला संदर्भ लटकतो, म्हणून नुसतं वाचणाऱ्या लूपमध्ये ई०५०२ ही त्रुटी येते. नवी नावं वेगळ्या व्हेक्टरमध्ये जमवा, लूप संपल्यावर एक्स्टेंडने मूळ यादीला जोडा. काही नावं गाळायची असतील तर रिटेन वापरा; हवी तेवढीच उरतात.