लेकराला रिॲलिटी शोमध्ये पाठवण्याआधी
सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे तिकीट काढण्याआधी करारनामा सोलापुरातच, शक्यतो वकिलासोबत, वाचावा. मुंबईत सेटवर मुलगी मेकअप करून उभी असताना आईवडिलांना नकार देणे फार जड जाते. १४ वर्षांखालील कलाकाराला २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार दिवसाला कमाल ५ तास, तेही विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून अधिक नाही, एवढेच काम देता येते आणि मिळकतीचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावे लागतात. संपादनाचा सर्वाधिकार निर्मात्याला देणारे कलम मात्र दोनदा वाचावे: माझ्या भाचीचे दमून आलेले रडू परीक्षकांच्या शेऱ्याला जोडून दाखवले, आणि ती महिनाभर शाळेत जाईना. स्पर्धेतून बाहेर पडल्यावर समुपदेशनाचा खर्च कोण करणार, हेही लेखी घ्यावे.