घरांसाठी जमीन विकसित करताय? मूलनिवासींचा वारसा आणि अधिवास यांबाबत या चुका टाळा

लेआउट पक्का होतो, प्लॉट पाडले जातात, बुकिंगही सुरू होतं आणि मग कुणाला तरी आठवतं, की इथल्या मूलनिवासी समाजाला विचारायचं राहिलंच. बहुतेक भानगडींचं मूळ इथे असतं. छापील आराखडा पुढे सरकवून ‘तुमची हरकत नाही ना?’ असं विचारणं म्हणजे पत्रिका वाटून झाल्यावर मुलीची पसंती विचारणं. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्यातलं कलम 32 संमती मागतं ती दबावाशिवाय, पूर्ण माहितीनिशी आणि आधी. यातलं ‘आधी’ सोयीस्करपणे विसरलं जातं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळच्या इहुमाताओमध्ये कागद सगळे चोख होते. 2016 मध्ये कंपनीने जमीन घेतली, 480 घरांची योजना होती. पण ही जमीन 1863 मध्ये सरकारने तिथल्या मूलनिवासी माओरींकडून जप्त केलेली. 2019 मध्ये पोलीस ती रिकामी करायला आले आणि हजारो लोक तिथे जमले. अखेर डिसेंबर 2020 मध्ये सरकारनेच ती जवळपास 3 कोटी न्यूझीलंड डॉलर देऊन विकत घेतली.

‘नोंदवहीत काही नाही’ यावर विसंबणं

वारसास्थळांच्या नोंदवहीत तेवढंच असतं, जेवढं कुणीतरी जाऊन पाहिलेलं असतं. शिवाय दफनभूमीचा नेमका पत्ता काही समाज मुद्दाम उघड करत नाहीत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या कायद्यात 1846 पूर्वीच्या वारसास्थळाला आपोआप संरक्षण आहे, नोंद असो वा नसो. तिथल्या किनाऱ्यावर खोदताना माती अचानक काळी, तेलकट लागली, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे आणि आगीने तडकलेले दगड दिसले, तर ती जुन्या वस्तीची जागा समजा. अशा थरात बऱ्याचदा माणसंही पुरलेली असतात. पोकलेनवाल्याला हे आधी दाखवून ठेवायला हवं. ती माती सगळ्यात आधी त्यालाच दिसते, ऑफिसातल्या तज्ज्ञाला नाही.

खुणा राखल्या, म्हणजे जागा राखली असं मानणं

त्याच प्रांतात ग्रेस आयलेट या चिमुकल्या बेटावर दफनाच्या दगडी राशी होत्या. त्यांना धक्का न लावता घर बांधायला परवानगी मिळाली. स्मशानात चिता वगळून बंगला बांधावा, तसा हा प्रकार. 2015 मध्ये प्रांताने 54.5 लाख कॅनेडियन डॉलर मोजून बेट घेतलं.

वारसा एकाकडे, झाडं दुसऱ्याकडे

दोन सल्लागार, दोन अहवाल आणि दोघांची एकमेकांशी गाठ नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. त्याच प्रांतातल्या व्हँकुव्हर बेटावरची, गॅरी ओक या झाडांची कुरणं बघा. नकाशात ती ‘पडीक गवताळ जमीन’ दिसतात. खरं तर तिथल्या मूलनिवासी बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथे कॅमस या फुलझाडाचे कंद खाण्यासाठी काढत. निळ्या फुलांचा खायचा, पांढऱ्या फुलांचा विषारी. कंद एकसारखे दिसतात, म्हणून विषारी झाडं फुलोऱ्यातच उपटून टाकायची. कुरण झुडपांनी भरू नये म्हणून ठरावीक काळाने ते जाळायचं. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणतोय, ती कुणाचीतरी शेती होती. आज त्यातलं 5 टक्क्यांहूनही कमी बऱ्या अवस्थेत उरलंय. कोपऱ्यात दहा शोभेची झाडं लावून त्याची भरपाई होत नाही.

बांधकामात राखायच्या झाडाभोवतीचं कुंपण ही छोटी बाब, पण चुकते हमखास. ऑस्ट्रेलियातल्या पद्धतीत जमिनीपासून 1.4 मीटरवर खोडाचा व्यास मोजून त्याच्या 12 पट त्रिज्या मोकळी ठेवतात. व्यास 60 सेंमी असेल, तर 7.2 मीटर. आत सिमेंटच्या गोण्या नकोत, भरावही नको.

हाडं सापडलीच तर?

मशीन जागच्या जागी बंद करा. हाडं उचलू नका, धुऊ नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. वर स्वच्छ कापड घाला, जागेभोवती दोरी बांधा आणि पोलिसांना कळवा. हाडं अलीकडची की जुनी, हे मुकादमाने ठरवायचं नसतं. जुनी निघाली तर पुढचं त्या समाजाच्या लोकांना विचारूनच. विधी करायचा म्हणाले तर काम थांबेल, तेवढे दिवस वेळापत्रकात आधीच धरून ठेवा. आणि त्या खड्ड्यातली माती ट्रकने बाहेर गेली असेल, तर ती कुठे टाकली ते त्याच दिवशी लिहून घ्या. ती चाळावी लागणार आहे.